टायटॅनियमच्या नावाखाली लोखंडी हातोडी, पुण्यातल्या सुतार-सेंट्रिंगवाल्यांनो सावध राहा

फर्निचरच्या कामात कोपराचं दुखणं काही नवीन नाही, बाहेरच्या बाजूने कळ निघते, भरलेला तांब्या उचलताना पण हात लटपटतो, डॉक्टर टेनिस एल्बो म्हणतात (टेनिस कोण खेळलंय इथे!). माझं तेच चाललेलं आणि मोशीला एका प्रदर्शनात स्टॉलवाल्याने ते बरोबर हेरलं. म्हणे दादा ही टायटॅनियमची हातोडी, बाहेरच्या देशातले सुतार हीच वापरतात, हाताला झटका बसतच नाही. साडेतीन हजार रोख घेतले, बिल मागितलं तर "व्हॉट्सअॅपला टाकतो", ते अजून येतंय.

थाप अर्धी खरी होती म्हणून पचली. टायटॅनियमच्या हातोड्या असतात, पोलादाची घनता घनसेंटीमीटरला ७.८५ ग्रॅम आणि टायटॅनियमची ४.५ च्या आसपास, म्हणजे तेवढंच डोकं निम्म्याहून थोड्या जास्त वजनात होतं, हलकी म्हणून जोरात फिरवता येते आणि हाताला उलटा धक्का कमी येतो. पण चांगल्या ब्रँडची तिकडेच शंभर-दोनशे डॉलरला जाते, ती मोशीत साडेतीन हजारात कशी येणार?

वापरायला लागलो तर कोपर आणखीनच ठणकायला लागलं. मग ग्रिपचं रबर सरकलं, खाली पोकळ लोखंडी पाइप, प्रत्येक ठोक्याला झिणझिण्या थेट दंडापर्यंत. डोक्यावरचा राखाडी रंग उडाला तिथे तांबूस गंज, आणि टायटॅनियम असं गंजत नाही. बोहरी आळीतल्या ओळखीच्या दुकानदाराने चुंबक लावलं, टक्कन चिकटलं, टायटॅनियमला चिकटत नाही. ग्राइंडरला टेकवली तर पिवळ्या-केशरी ठिणग्या, टायटॅनियमच्या पांढऱ्याशुभ्र उडतात.

चुंबक लावताना एक बघा, काही खऱ्या हातोड्यांना ठोकायची बाजू पोलादाची बसवलेली असते, तिथे चिकटणारच, त्यामुळे पंज्याला (खिळे उपसायची बाजू) आणि मधल्या भागाला लावून बघा. आणि "टायटॅनियम कोटिंग" लिहिलं असेल तर आत लोखंडच आहे असं समजा, कोटिंगने ना वजन कमी होतं ना झटका.

मी आता हलकं डोकं आणि लाकडी दांडा असलेली साधी हातोडी घेतलीये, लाकूड बराचसा झटका खातं, शिवाय दांडा टोकाकडे सैल धरतो, आवळून धरला की कोपरावर ताण येतो. त्या स्टॉलवाल्याचा नंबर कायम बंद. ग्राहक हेल्पलाइन १९१५ ला फोन केला, पहिला प्रश्न बिल आहे का. त्यामुळे पक्कं बिल हातात पडल्याशिवाय पाकीट काढू नका, तो पुढच्या प्रदर्शनात दुसऱ्या नावाने उभा असेलच.