टोरांटोच्या थंडीत बसवून घेतलेली तापणारी सीट
टोरांटोच्या हिवाळ्यात इंजिन तापून हीटरची ऊब येईपर्यंत अंग काकडते, म्हणून एका स्थानिक दुकानातून आमच्या जुन्या गाडीच्या चालकाच्या सीटमध्ये कार्बन फायबरचे १२ व्होल्टचे पॅड बसवून घेतले, आणि काम उत्तम झाले. शेजारच्या सीटमध्ये मात्र बसणाऱ्याचे वजन ओळखून एअरबॅग नियंत्रित करणारा सेन्सर असल्याने तिथे पॅड घालण्यास कारागिराने स्पष्ट नकार दिला. स्वतःची कमाई सोडून दिलेला हा सल्ला मला सर्वांत मोलाचा वाटतो. वीजजोडणी स्वतंत्र फ्यूज व रिलेमार्फत (विजेने चालणाऱ्या स्विचमार्फत) इग्निशनशी केल्यामुळे गाडी बंद होताच पॅडही बंद होतात. कव्हरवर एकही सुरकुती नाही. पाठीकडचा पॅड थोडा उंच असता, तर खांद्यांनाही ऊब मिळाली असती.