आठ महिने वेगळ्या फाशांसोबत: काय टिकलं, काय पेटीत गेलं

आठ महिन्यांपूर्वी वेगळ्या फाशांचा एक संच घेतला. आमच्या दर आठवड्याच्या बैठकीत आता त्यातले दोनच प्रकार बाहेर निघतात, पण ते दोन मी कुणालाही देणार नाही.

पहिला प्रकार सिशरमन फाशांचा. एकावर १, २, २, ३, ३, ४ आणि दुसऱ्यावर १, ३, ४, ५, ६, ८. पहिल्याच डावात आठ ठिपके वर आले, तेव्हा समोरच्याने फासा उचलून चहूबाजूंनी पाहिला, छपाई चुकली की काय म्हणून. पण बेरजा साध्या जोडीसारख्याच पडतात: सात सहा प्रकारे, दोन आणि बारा एकेकाच प्रकारे. जॉर्ज सिशरमन यांनी ही जोडी शोधली, गणिती कोड्यांवर लिहिणाऱ्या मार्टिन गार्डनर यांनी १९७८ मध्ये ती वाचकांपुढे आणली. नुसत्या बेरजेवर चालणाऱ्या खेळांत आम्हाला काहीच फरक जाणवला नाही. जाणवला तो सारख्या आकड्यांच्या दानात. साध्या फाशांवर ३६ पैकी ६ दानांत दोन्ही आकडे सारखे येतात, इथे फक्त ४. त्यामुळे सारखे आकडे पडले की पुन्हा टाकायला मिळतं अशा खेळात हे फासे काढू नका, खेळाचा तोलच बदलतो.

दुसरा प्रकार, पहिली पाळी कोणाची हे ठरवणारे बारा बाजूंचे चार फासे. चारही मिळून १ ते ४८ हे आकडे एकेकदाच येतात, म्हणजे बरोबरी होणं शक्यच नाही. शिवाय चौघांचे जे २४ क्रम लागू शकतात, ते सगळे समसमान शक्यतेचे. एरिक हार्शबर्गर आणि रॉबर्ट फोर्ड यांचं हे काम आहे आणि मला ते फार सुंदर वाटतं. पूर्वी सुरुवात ठरवायलाच आम्ही दोन-तीनदा फासे टाकत बसायचो.

शंभर बाजूंचा फासा मात्र पेटीत गेला. तो जवळजवळ चेंडूच, घरंगळत टेबलाखाली जातो. थांबला तरी नेमकी कोणती बाजू वर आहे यावर वाद होतो. दहा बाजूंचे दोन फासे, एक दशकाचा आणि एक एककाचा, तेच काम चटकन करतात.

एक तक्रार आहे. चौथ्या महिन्यात बारा बाजूंच्या फाशांवरच्या आकड्यांचा रंग उडायला लागला. खोबणीत पांढरा मेणखडू घासून वरचं कापडाने पुसून काढलं, तेव्हापासून ४८ पुन्हा टेबलाच्या पलीकडूनही वाचता येतो.