विंडोजचं बॅकग्राउंड सेटिंग : अडलं की अळीमिळी गुपचिळी

विंडोज ११ च्या सेटिंगमधल्या पर्सनलायझेशनमधलं फक्त बॅकग्राउंडचं पान, तेवढ्याचाच रिव्ह्यू लिहितोय, कारण "वॉलपेपर बदलतच नाहीये, काय करू" हे विचारणारे खूप आहेत आणि त्यांना बहुतेक वेळा एकच उत्तर मिळतं, रिस्टार्ट मारून बघ. कधीकधी रिस्टार्टने होतंही, नाही असं नाही, पण कशामुळे अडलं होतं ते कळत नाही आणि पुढच्या वेळी परत तेच.

माझ्याकडून पाचपैकी साडेतीन स्टार. जे चालतं ते खरंच छान चालतं. एक फोटो, प्लेन रंग, स्लाइडशो किंवा स्पॉटलाइट (मायक्रोसॉफ्टकडून आपोआप येणारे बदलते फोटो), काय हवं ते निवडा, फोल्डरमधल्या फोटोवर राइट क्लिक करून तिथूनच लावा, दोन मॉनिटर असतील तर दोन्हीवर वेगळे फोटो. दीड स्टार कापला तो एकाच कारणासाठी. वॉलपेपर लागला नाही तर का नाही लागला हे बऱ्याचदा सांगतच नाही. तुम्ही फोटोवर क्लिक करता, मागे जुनाच फोटो तसाच, ना एरर ना मेसेज, आणि माणूस बिचारा पुन्हा पुन्हा क्लिक करत बसतो.

नेहमी सापडणारं एक कारण सांगतो, ते समजलं की बरंच काही सुटतं. तुम्ही निवडलेला फोटो जिथे आहे तिथून विंडोज तो थेट दाखवत नाही, त्याची स्वतःची एक कॉपी बनवून ठेवतं आणि डेस्कटॉपवर ती कॉपी दिसते. म्हणूनच मूळ फोटो डिलीट केला तरी वॉलपेपर जात नाही. या कॉपीचं नाव ट्रान्सकोडेडवॉलपेपर (TranscodedWallpaper), फाइलला पुढे .jpg सारखं एक्स्टेन्शनही नसतं. ती करप्ट झाली की नवा फोटो लागत नाही किंवा नुसता काळा स्क्रीन येतो. ती सापडते सी ड्राइव्हमध्ये यूजर्स, मग तुमच्या नावाचं फोल्डर, मग अॅपडेटा, रोमिंग, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, थीम्स या वाटेने. अॅपडेटा हिडन असतं, त्यामुळे आधी एक्सप्लोररच्या व्ह्यूमध्ये जाऊन हिडन आयटम्स ऑन करा. फाइल डिलीट नका करू लगेच, नाव बदलून ठेवा, शेजारी कॅश्डफाइल्स (CachedFiles) नावाचं फोल्डर असेल तर ते रिकामं करा, मग टास्क मॅनेजर उघडून विंडोज एक्सप्लोरर रिस्टार्ट करा (किंवा साइन आउट करून परत या) आणि फोटो पुन्हा निवडा. विंडोज नवी कॉपी आपोआप बनवतं. एवढं सगळं करण्याऐवजी त्या पानावर एक रीसेटचं बटण दिलं असतं तर किती लोकांचा वेळ वाचला असता, हे मला मनापासून वाटतं.

स्लाइडशोचं वेगळंच आहे. लॅपटॉप चार्जरवर असताना फोटो बदलतात आणि चार्जर काढला की थांबतात, तेव्हा लोकांना वाटतं काहीतरी बिघडलं. काही बिघडलेलं नसतं, बॅटरी वाचवायला तो थांबवलेला असतो, त्याच पानावर बॅटरीवरसुद्धा स्लाइडशो चालू ठेवायचा स्विच आहे तो ऑन करायचा, झालं. आणि स्लाइडशोचं फोल्डर पेनड्राइव्हवर ठेवू नका, पेनड्राइव्ह काढला की पुढचे फोटो येणार कुठून.

११ मध्ये अजून एक गंमत, म्हणजे सोय चांगली आहे पण गोंधळ करते. प्रत्येक व्हर्च्युअल डेस्कटॉपला (एकाच मॉनिटरवर आलटून पालटून वापरायचे वेगवेगळे डेस्कटॉप) वेगळा वॉलपेपर लावता येतो, त्यामुळे एका डेस्कटॉपवर फोटो बदलला आणि दुसऱ्यावर गेलं की जुनाच दिसतो. सेटिंगमधल्या छोट्या फोटोवर राइट क्लिक करून सगळ्या डेस्कटॉपना लावा असा पर्याय येतो, तो वापरा.

अॅक्सेसिबिलिटीमधली कॉन्ट्रास्ट थीम (अक्षरं ठळक दिसावीत म्हणून असलेली गडद-फिक्या रंगांची थीम) चालू असेल तर फोटो जाऊन प्लेन रंग दिसतो, हेही एकदा बघून घ्या. विंडोज १० मध्ये तर ईज ऑफ अॅक्सेसच्या डिस्प्लेमध्ये बॅकग्राउंड फोटो दाखवायचा की नाही याचा वेगळा स्विचच होता, तो चुकून ऑफ झाला की कितीही फोटो बदला, दिसणार नाही. आणि हलणाऱ्या वॉलपेपरचं एखादं अॅप टाकलेलं असेल तर ते स्वतःचं चित्र वर दाखवत राहतं, मागे विंडोजचा वॉलपेपर बदललेला असतो पण आपल्याला दिसत नाही. ते अॅप आधी बंद करून बघा.

दोन ठिकाणी मात्र विंडोज स्पष्ट बोलतं, त्याचे मार्क द्यायलाच हवेत. विंडोज अॅक्टिव्हेट केलेलं नसेल तर आधी अॅक्टिव्हेट करा असं तिथेच लिहून येतं आणि पर्याय फिके होतात. आणि ऑफिसच्या मशीनवर काही सेटिंग तुमची संस्था सांभाळते असं वर दिसतं. याचा अर्थ अॅडमिनने ग्रुप पॉलिसीतून, म्हणजे ऑफिसच्या सगळ्या मशीनना लागू होणाऱ्या नियमांतून, वॉलपेपर ठरवून दिलाय, तिथे फाइल डिलीट करून काही होणार नाही. व्हिडिओ बघून रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंगचा साठा) हात घालणारे बरेच दिसतात, पण पॉलिसी परत लागू झाली की तोच वॉलपेपर परत येतो, वर ऑफिसात उत्तर द्यावं लागतं ते वेगळंच. आयटीवाल्यांना सरळ विचारा. घरच्या मशीनवर हाच मेसेज दिसला तर मात्र आधीच्या ऑफिसचं किंवा कॉलेजचं अकाउंट अजून जोडलेलं आहे का ते सेटिंगमधल्या अकाउंट्समध्ये जाऊन तपासा.