सीलबंद खोक्यातला फॅन बेल्ट

गेल्या टोमॅटोच्या हंगामात माझ्या पिकअपचा फॅन बेल्ट घोटीच्या अलीकडे तुटला. बसवून फक्त १६ दिवस झाले होते. पिंपळगावहून ६० कॅरेट भरून वाशीला निघालो होतो, रात्रीचा एक वाजलेला. खाडकन आवाज आला आणि चार्जिंगचा लाल दिवा लागला. वायर सैल झाली असेल म्हणून मी तीन किलोमीटर तसाच गेलो. माझ्यासारखी जुनी गाडी असेल तर हे करू नका. या इंजिनात एकच पट्टा बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर फिरवतो आणि इंजिनात पाणी खेळवणारा वॉटर पंपही, पंखा त्याच पंपावर. दिवा लागला म्हणजे इंजिनातलं पाणीही थांबलं. तापमानाचा काटा लालमध्ये गेल्यावर मी गाडी उभी केली, तोवर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधली सीलची पट्टी, गेलं होतं. टोचन, गॅस्केट, हेडचं फेसिंग मिळून साडेएकोणीस हजार गेले. माल दुसऱ्या गाडीने उशिरा पोचला, त्याचा भाव गेला तो वेगळाच.

बेल्ट मी नाशिकच्या द्वारका भागातल्या एका दुकानातून घेतला होता. नामांकित कंपनीचं खोकं, वर प्लास्टिक, चकचकीत होलोग्राम. दुसरीकडे ५२० सांगत होते, इथे ३८०. "पक्कं बिल घेतलं तर टॅक्स लागेल भाऊ, चिठ्ठीवर घ्या," असं दुकानदार म्हणाला आणि मी घेतलं.

तुटलेला पट्टा घेऊन परत गेलो तर दुकानदाराने सरळ हात वर केले. "तुमच्या मेकॅनिकने जास्त ताणला असेल, नाहीतर पुली वाकडी असेल." हे ऐकून बहुतेक जण गप्प बसतात, कारण आपल्याला उलट बोलता येत नाही. मीही तिथे गप्पच बसलो.

माझ्या मावसभावाचा शेजारी अंबड एमआयडीसीत रबर पार्टच्या टेस्टिंगला आहे. त्याने तुकडा हातात घेऊन आधी दोन्ही कडा बघितल्या. पुली वाकडी असती तर एकच कड खाल्ली गेली असती. इथे दोन्ही कडा सारख्याच, काचेसारख्या गुळगुळीत आणि काळ्या चकचकीत. म्हणजे पट्टा घसरत होता आणि घसरून भाजत होता. ऑइल लागलं असतं तर रबर फुगून मऊ झालं असतं, तेही नव्हतं. जास्त ताणाने आधी बेअरिंग बोलतं, माझ्या पंपाचं बेअरिंग ठणठणीत होतं.

मग त्याने रुंदी मोजायचा कॅलिपर लावला. पट्ट्यावर एव्ही १३ छापलेलं, म्हणजे वरची रुंदी १३ मिलिमीटर हवी. भरली ११.८. कडा झिजल्या असतील म्हणावं, तर खोक्यात राहिलेल्या दुसऱ्या, न वापरलेल्या पट्ट्याचीही तेवढीच. (मी दोन घेतले होते, स्वस्त म्हणून.) असा खाली निमुळता व्ही बेल्ट पकडतो तो बाजूच्या दोन भिंतींनी, पुलीच्या खाचेच्या तळाला तो टेकताच कामा नये. माझा पट्टा अरुंद, म्हणून खाली बसला, तळाला टेकला आणि पकड गेली. मेकॅनिकने दोनदा ताण वाढवूनही किंचाळायचा तो याचमुळे.

नवा पट्टा त्याने ब्लेडने आडवा कापला. शेजारी एक अस्सल तुकडा ठेवला. अस्सलमध्ये पॉलिस्टरचे दोरे ओळीने, एकमेकांना लागून, रबरात घट्ट रुतलेले. माझ्यातले विरळ, वरखाली. एक दोरा त्याने चिमट्याने ओढला तर सबंध सुटून हातात आला, अंगाला रबराचा कणसुद्धा नाही. पट्ट्याचा सगळा ताण हे दोरेच घेतात. ते रबराला धरूनच नसतील तर वरचं रबर नुसतं सालपट. त्यांच्याकडे पट्टा दोन पुलींवर चढवून, वजन टांगून, गरम पेटीत तासन् तास पळवतात आणि मधूनमधून ताण किती उतरला, भेगा कुठे आल्या ते बघतात. "हा त्या मशीनवर चढवायच्याही लायकीचा नाही," तो म्हणाला.

खोकं पुन्हा नीट बघितलं तेव्हा दिसलं की तयार केल्याचा महिना-वर्ष नाही आणि ग्राहक तक्रारीचा नंबरही नाही. पाकिटावर हे दोन्ही छापणं कायद्याने बंधनकारक आहे. होलोग्राम बघत बसलो आणि हे बघितलंच नाही. आता पट्टा बसवल्यावर त्याची वरची बाजू पुलीच्या काठाला लागून आहे ना, हे मी स्वतः वाकून बघतो. खाली बुडालेला दिसला तर त्याच जागी परत.

मी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. गाडी धंद्याची असली तरी स्वतः चालवून पोट भरणाऱ्याला ग्राहक म्हणून दाद मागता येते, हे मला तेव्हाच कळलं. अडलंय ते बिलावर. माझ्याकडे आहे ती पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी, तिच्यावर ना दुकानाचं नाव, ना तारीख. पक्क्या बिलाचे वाचलेले पैसे किरकोळच होते.