आखीव बागेतले पाणी: हौद, पाट की कारंजे?

घराभोवतीची बाग छाटलेल्या कुंपणांच्या हिरव्या भिंतींनी दालनांमध्ये विभागायची ठरली, की पाण्याचा विचार बहुधा सर्वांत शेवटी केला जातो. माझ्या मते तो प्रत्येक दालनाचा उपयोग ठरवतानाच व्हायला हवा, कारण बसण्याच्या जागेला शोभणारे पाणी चालण्याच्या जागेला शोभतेच असे नाही.

निवांत बसण्याच्या दालनासाठी स्थिर हौदाला मी निःसंशय पहिली पसंती देईन. इंग्लंडमधील हिडकोट येथील बागेत तिचे रचनाकार लॉरेन्स जॉन्स्टन यांनी कुंपणांनी वेढलेल्या एका दालनाची जवळजवळ सारी जागा एकाच गोल हौदाला दिली आणि तेवढ्याशा जागेत आकाश उतरवले. मात्र हौद वाटतो तितका सोपा नाही. तळ गडद असेल आणि पाणी काठाच्या अगदी जवळ असेल तरच प्रतिबिंब स्वच्छ दिसते. काठ पाणसळीने काटेकोर तपासला नाही, तर एका बाजूला उघडी पडलेली दगडाची पट्टी कायम डोळ्यांत खुपते. साचलेल्या पाण्यात डास वाढतात, म्हणून मासे सोडावे लागतात किंवा पाणी हलते ठेवावे लागते. पानगळीच्या झाडाखाली तर हौद नकोच.

एका दालनातून दुसऱ्यात नेणाऱ्या मार्गाला पाट शोभतो. वास्तुविशारद एडविन लट्यन्स यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमधीलच हेस्टरकोम्ब येथील बागेत काढलेले अरुंद दगडी पाट नजरेला थेट पुढे नेतात आणि ठरावीक अंतरावरच्या गोल खळग्यांपाशी क्षणभर थांबवतात. पाटात पाणी थोडे असल्याने ते लवकर तापते आणि त्याचे बाष्पीभवन सतत भरून काढावे लागते. शिवाय पंप बंद पडल्यावर वाहून येणारे सगळे पाणी मावेल एवढी टाकी खालच्या टोकाला हवी, हे आखणीत हमखास राहून जाते.

रस्त्याचा गोंगाट लपवायचा असेल तर कारंजेच उपयोगी पडते. त्याची धार तोटीपासून काठापर्यंतच्या अंतराहून उंच नसावी आणि वाऱ्याच्या जागी त्याच्या निम्मीच ठेवावी, अन्यथा पाणी बाहेर उडून फरशी निसरडी होते.

घरात लहान मुले असतील तर उथळ पाणीही धोक्याचे असते. अशा घरी हौदात पाण्याच्या पृष्ठभागालगत भक्कम जाळी बसवावी, किंवा मुले मोठी होईपर्यंत उघडे पाणी न साठवणारे, दगडगोट्यांच्या थराखाली टाकी असलेले कारंजे निवडावे.