ड्युअल-बूट लॅपटॉपवर व्हर्च्युअल मशीन: विंडोजमध्ये की लिनक्समध्ये?

एकाच लॅपटॉपवर विंडोज ११ आणि उबुंटू दोन्ही असतील, तर व्हर्च्युअल मशीन (संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने उभा केलेला दुसरा संगणक) कुठे उभे करायचे हे ठरवण्याआधी बायोसमधले (संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमधले) एक काम उरकावे लागते. इंटेलच्या प्रोसेसरवर ‘व्हीटी-एक्स’ आणि एएमडीच्या प्रोसेसरवर ‘एसव्हीएम मोड’ ही व्हर्च्युअल मशीनला प्रोसेसरची थेट मदत देणारी सोय एकदा चालू केली, की ती दोन्ही प्रणालींना मिळते. मात्र बायोसला हात लावण्यापूर्वी बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-कुलुपाची) रिकव्हरी की जवळ ठेवावी, कारण तिथले बदल झाल्यावर विंडोज ती मागू शकते आणि ती नसेल तर स्वतःच्याच फायली उघडता येत नाहीत. सोय चालू झाली की नाही, हे विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूच्या आलेखाखाली दिसते. उबुंटूमध्ये ‘सीपीयू-चेकर’ हे पॅकेज घेऊन ‘केव्हीएम-ओके’ ही कमांड द्यावी.

खरा फरक यानंतर जाणवतो. विंडोजमध्ये हायपर-व्ही (मायक्रोसॉफ्टची व्हर्च्युअल मशीनची व्यवस्था) किंवा मेमरी इंटिग्रिटी हे संरक्षण चालू असेल, तर मायक्रोसॉफ्टचा हायपरव्हायझर (व्हर्च्युअल मशीन चालवणारा थर) प्रोसेसरची ही सोय आधीच ताब्यात घेऊन बसतो आणि व्हर्च्युअलबॉक्स या व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या दुसऱ्या सॉफ्टवेअरला त्याच्यामार्फत काम करावे लागते. अशा वेळी मशीनच्या खिडकीच्या खालच्या पट्टीत हिरवे कासव दिसते आणि वेगही बहुधा मंदावतो. यावर मेमरी इंटिग्रिटी बंद करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण तो मला मुळीच पटत नाही, कारण घातक ड्रायव्हरांपासून विंडोजच्या गाभ्याचे रक्षण करणारी ती तटबंदी आहे. हायपर-व्हीच वापरावा म्हटले, तर विंडोजच्या होम आवृत्तीत हायपर-व्ही मॅनेजर मिळत नाही.

लिनक्समधला केव्हीएम हा हायपरव्हायझर २००७ साली आलेल्या २.६.२० या आवृत्तीपासून कर्नलचाच (लिनक्सच्या गाभ्याचाच) भाग आहे. त्यामुळे सिक्युअर बूट (फक्त स्वाक्षरी असलेलेच सॉफ्टवेअर बूट होऊ देणारी सोय) चालू ठेवूनही तो विनासायास चालतो, तर लिनक्सवर व्हर्च्युअलबॉक्स वापरायचे झाल्यास त्याची मोड्यूल्स (कर्नलला जोडायचे भाग) स्वाक्षरीत करून त्या स्वाक्षरीची किल्ली बूटच्या वेळी नोंदवावी लागते. व्हर्ट-मॅनेजर या केव्हीएमसाठीच्या प्रोग्राममुळे मशीन उभे करणे माउसनेही जमते, आणि विंडोज ११ला लागणारा टीपीएम २.० (सुरक्षेसाठीची चिप) ‘एसडब्ल्यूटीपीएम’ सॉफ्टवेअरमधूनच पुरवतो. मशीनची डिस्क-फाइल लिनक्सच्याच पार्टिशनवर ठेवावी. विंडोजचे फास्ट स्टार्टअप (पूर्ण बंद न होता झटपट सुरू होण्याची सोय) चालू असताना त्या बाजूचे एनटीएफएस (विंडोजच्या फाइल-पद्धतीचे) पार्टिशन अर्धवट झोपलेल्या अवस्थेत राहते आणि लिनक्सला त्यावर सुरक्षितपणे लिहिता येत नाही.

म्हणूनच पूर्ण व्हर्च्युअल मशीन नियमित चालवायचे असेल, तर माझा कौल निःसंशय केव्हीएमला आहे. ज्यांचा दिवस विंडोजमध्येच जातो आणि ज्यांना लिनक्सच्या केवळ कमांड हव्या असतात, त्यांच्यासाठी होम आवृत्तीतही चालणारे डब्ल्यूएसएल २ (विंडोजच्या आतच लिनक्स चालवणारी सोय) पुरेसे आहे. ग्राफिक्स कार्डाची पूर्ण ताकद मागणारे गेम किंवा कॅडची कामे मात्र दोन्हीकडच्या मशीनबाहेरच ठेवावीत आणि त्यांच्यासाठी सरळ विंडोज बूट करावे.