प्रदर्शनातला स्टॉल आणि त्यामागचे पुरवठादार: आठ महिने, चार प्रदर्शनं वापरल्यानंतरचा अनुभव

कोल्हापूरच्या शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल एमआयडीसी आणि उद्यमनगरमधल्या ज्या कारखान्यांनी प्रदर्शनात स्टॉल घ्यायचं ठरवलंय, त्यांना उपयोग व्हावा म्हणून हे लिहितोय. आमच्या कारखान्याची चार प्रदर्शनं झाली: दोन पुण्यात मोशीला, एक मुंबईत गोरेगावला, एक बंगळूरला. माल चारही ठिकाणी सारखाच, मशिनिंग केलेली ग्रे आयर्न आणि एसजी आयर्न कास्टिंग्ज (बिडाचे ओतीव नग). सर्वांत जड नग 85 किलोचा. दोन ठिकाणी हवेवर चालणारी एक टेस्टिंग रिगही होती. पहिल्या दोन वेळा सगळं काम एकाच एजन्सीला 'टर्नकी' दिलं होतं. नंतरच्या दोन वेळा फॅब्रिकेशन (स्टॉलची बांधणी), प्रिंटिंग आणि वाहतूक वेगवेगळ्यांना दिली. दोन्ही पद्धती पुरेशा वापरून झाल्या. इथून पुढे काम तोडूनच द्यायचं, हे आता पक्कं.

पुरवठादार निवडायला बसण्याआधी एक गोष्ट डोक्यात पक्की हवी: निम्म्या सेवांमध्ये निवड करायला वावच नसतो. वीज, हॉलच्या आतली फोर्कलिफ्ट आणि हायड्रा (छोटी फिरती क्रेन), कॉम्प्रेस्ड एअर, छताला काही टांगायचं असेल तर रिगिंग, ही कामं बहुतेक मोठ्या प्रदर्शनांत आयोजकांनी नेमलेल्या कंत्राटदाराकडूनच घ्यावी लागतात. तुमचा ट्रान्सपोर्टवाला गेटपर्यंत येतो, गेटच्या आत दुसऱ्याचं राज्य. टर्नकी एजन्सी ही कामं 'आमच्याकडून' म्हणून कोटेशनमध्ये दाखवते, पण प्रत्यक्षात तोच ठरलेला फॉर्म भरून वर आपलं मार्जिन लावते. एक्झिबिटर मॅन्युअल (आयोजकांची नियमपुस्तिका) हाती आलं की त्यातले फॉर्म आणि दरपत्रक आधी स्वतः वाचा. कोटेशन मागवायचं ते त्यानंतर. वीज, हवा, पास आणि फॅशियावरचं, म्हणजे स्टॉलच्या वरच्या पट्टीवरचं, नाव यांच्या मुदती वेगवेगळ्या असतात आणि मुदत चुकली की जादा आकार लागतो. या तारखा कारखान्यातल्याच एका माणसाच्या गळ्यात बांधा. एजन्सीवर सोडल्या की चुकतातच.

आता फॅब्रिकेटर. 9 चौरस मीटरचा, म्हणजे 3 बाय 3 चा तयार स्टॉल घेतला असेल तर फॅब्रिकेटरची गरजच नाही. ॲल्युमिनियमचे खांब, पांढरे पॅनेल, कार्पेट, एक टेबल, दोन खुर्च्या, दोन-तीन स्पॉटलाइट आणि एक 5 अँपिअरचा सॉकेट एवढं साधारणपणे मिळतं. त्यावर ग्राफिक लावलं की झालं. फक्त पॅनेल '1 मीटर' म्हणतात तेव्हा बाजूचा भाग खांबाच्या खाचेत जातो आणि दिसणारी रुंदी साधारण 95-96 सेंटीमीटरच उरते, हे ध्यानात ठेवा. 1 मीटरचा प्रिंट आणला की कडेचं अक्षर कापावं लागतं. नेमकं माप आयोजकांच्या कंत्राटदाराकडून लेखी मागवा.

रॉ स्पेस, म्हणजे नुसती मोकळी जागा, घेतली की खरा प्रश्न सुरू होतो. चार-पाच फॅब्रिकेटर थ्रीडी चित्रं पाठवतात आणि सगळीच देखणी असतात. चित्रावरून माणूस निवडू नका. आधी विचारा: उभारणीच्या शेवटच्या रात्री हॉलमध्ये तुमच्यातर्फे कोण उभा असणार, त्याचं नाव आणि मोबाइल काय, आणि त्याला जागेवर खर्चाचा निर्णय घेता येतो का? आमचा पहिला फॅब्रिकेटर कोटेशन एका शहरातून देत होता, काम दुसऱ्या शहरातला सब-कंत्राटदार करत होता आणि हॉलमध्ये तिसऱ्याच ठेकेदाराचे सुतार होते. पोडियमची (नग ठेवायच्या चौथऱ्याची) उंची 10 सेंटीमीटरनं चुकली तेव्हा ती दुरुस्त करायचा अधिकार तिघांपैकी कुणालाच नव्हता. प्रदर्शनाच्या शहरात स्वतःचं वर्कशॉप असलेला फॅब्रिकेटर घ्या आणि जमलं तर वर्कशॉप बघून या. अनेक हॉलमध्ये आत लाकूड कापायला आणि रंग फवारायला परवानगी नसते. सगळं बाहेर तयार करून आत नुसतं जोडायचं असतं. त्यामुळे ज्याचं वर्कशॉप जवळ, त्याचीच चूक रात्रीत दुरुस्त होते. कोल्हापूरचा सुतार कितीही हुशार असला तरी बंगळूरला रात्री दोन वाजता प्लायची एक शीट आणणार कुठून?

कास्टिंगवाल्यांसाठी पोडियमचं वेगळं सांगायला हवं. फॅब्रिकेटरचे नेहमीचे पोडियम हे कॅटलॉग, मोबाइल नाहीतर शोभेच्या कुंडीसाठी असतात: आत पोकळ, वर 12 मिलिमीटर एमडीएफ (दाबलेल्या लाकडी भुश्याचा बोर्ड), त्यावर पांढरं लॅमिनेट. त्यावर 85 किलोचा पंप केसिंग ठेवला की संध्याकाळपर्यंत मधोमध पोट येतं आणि दुसऱ्या दिवशी कडेचा सांधा उघडतो, कारण एमडीएफच्या कडेत मारलेला स्क्रू बाजूच्या ताणाला टिकत नाही. ड्रॉइंगवर आम्ही आता स्पष्ट लिहून देतो: वरची फळी 18 मिलिमीटर प्लायची, खाली दर 200 मिलिमीटरला आडवी लाकडी पट्टी, आत चौकट जमिनीपर्यंत उतरलेली, आणि प्रत्येक पोडियमवर किती किलो येणार तो आकडा. नगाखाली 6 मिलिमीटर रबर शीट. उंची 750 मिलिमीटर, कारण त्यापेक्षा उंच पोडियमवर दोन माणसांना 40 किलोचा नग सरळ उचलून ठेवता येत नाही. 40 च्या वरचा नग हातानं चढवायचाच नाही. पोडियम रिकामा असताना फोर्कलिफ्ट तिथपर्यंत पोहोचेल असा उभारणीचा क्रम ठरवा. एकदा समोरची भिंत उभी राहिली की फोर्क आत जात नाही.

लाकडी प्लॅटफॉर्म घेतला तर वायरी खालून जातात, दिसायला छान. पण यंत्र त्या प्लॅटफॉर्मवर ठेवू नका. तेवढा चौकोन मोकळा सोडून यंत्र थेट हॉलच्या फरशीवर लेव्हलिंग पॅडवर उभं करा, नाहीतर कंपनानं पूर्ण स्टॉल थरथरतो. हॉलच्या फरशीला अँकरसाठी भोक पाडायला मिळत नाही, हे मेंटेनन्सवाल्यांना आधीच सांगून ठेवा.

विजेचा हिशेब स्वतः करा. 18 चौरस मीटरच्या स्टॉलला 30 वॉटचे 12 एलईडी म्हणजे 360 वॉट, टीव्हीला दीडशे, लॅपटॉप-चार्जरला दोनशे. मग कुणीतरी चहाची किटली आणतं आणि एकटी किटली 1500 वॉट खाते. दुपारी एमसीबी (जादा भार आला की वीज तोडणारा स्विच) पडतो तो बहुतेक वेळा हिच्यामुळे. आम्ही 3 किलोवॉट घेतो आणि किटलीसाठी वेगळा सॉकेट मागतो. यंत्रासाठी थ्री फेज मागताना नुसतं मोटरचं रेटिंग लिहू नका. डायरेक्ट सुरू होणारी मोटर सुरुवातीला पूर्ण लोडच्या सहा-सात पट करंट ओढते. मोटर सुरू करायला स्टार-डेल्टा स्टार्टर आहे की ड्राइव्ह (मोटरचा वेग सांभाळणारं उपकरण), तेही कळवा. ड्राइव्ह असेल तर लीकेज करंटमुळे 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीजगळती झाली की वीज तोडणारा स्विच) विनाकारण ट्रिप होऊ शकतो. तुमच्या इलेक्ट्रिशियनला मुख्य कंत्राटदाराशी हे फोनवर बोलायला लावा. मंजूर ड्रॉइंगवर सॉकेटच्या जागा मिलिमीटरमध्ये दाखवा, कारण कार्पेट पडल्यावर सॉकेट हलवायचा म्हणजे जादा बिल. रात्रभर वीज लागणार असेल तर 24 तासांची जोडणी वेगळी मागावी लागते.

कॉम्प्रेस्ड एअरच्या सेवेला मनापासून चांगले गुण देता येत नाहीत. दाब फॉर्मवर लिहिल्याएवढा येतो, पण हवेत पाणी असतं. स्वतःचं एफआरएल युनिट (हवेतलं पाणी गाळणारं आणि दाब नेमका ठेवणारं), अर्धा इंची बीएसपी निपल, दोन रिड्यूसर, दहा मीटर पीयू होज (हवेची लवचीक नळी) आणि टेफ्लॉन टेप पेटीत असलंच पाहिजे. तिथे विकत मिळेल या भरवशावर राहू नका.

प्रिंटिंग मात्र कोल्हापुरातच करून न्यावं, हे माझं ठाम मत. समोर बसून प्रूफ बघता येतं, रंग बिघडला तर त्याच दिवशी दुसरा काढून मिळतो. 5 मिलिमीटर सनबोर्डवरचं (फोमच्या हलक्या बोर्डवरचं) व्हिनाइल स्वस्त पडतं, पण ट्रकमध्ये कोपरे चेमटतात आणि दुसऱ्या प्रदर्शनाला ते वापरण्याजोगं राहत नाही. आता आम्ही ॲल्युमिनियम फ्रेममध्ये बसणारं, कडेला सिलिकॉन पट्टी शिवलेलं कापडी ग्राफिक वापरतो. घडी करून बॅगेत मावतं आणि चुण्या पडल्या तर स्टीमरनं जातात. आधी खर्च जास्त, पण तीन प्रदर्शनं तेच चाललं. फाइल देताना मजकूर कर्व्हजमध्ये (फॉन्ट न लागणाऱ्या आकृत्यांत) बदलून द्या. मराठी मजकूर जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये असेल तर दुसऱ्याच्या संगणकावर त्याचा हमखास भलताच गिचका होतो.

वाहतुकीसाठी नेहमीचा, ओळखीचा ट्रान्सपोर्टवाला पुरतो. बंगळूरचं प्रदर्शन केंद्र तुमकूर रस्त्यावर आहे. कोल्हापूरहून हुबळी, दावणगेरेमार्गे जाणारी गाडी शहरात शिरायच्या आधीच तिथे पोहोचते. ही मोठीच सोय. गोरेगावला मात्र अवजड वाहनांच्या बंदीच्या वेळा बघूनच गाडी सोडावी लागते. पेटी 18 मिलिमीटर प्लायची, खाली फोर्क जाण्यासाठी 100 मिलिमीटरचे पाय, दोन बाजूंना हॉल क्रमांक, स्टॉल क्रमांक, वजन आणि गुरुत्वमध्याची खूण. झाकण खिळ्यांनी ठोकायचं नाही, बोल्टनं आवळायचं, कारण तीच पेटी परत यायची असते. रिकाम्या पेट्या ठेवण्याचं भाडं वेगळं असतं. हँडलिंगच्या कोटेशनमध्ये 'आत आणणं, रिकामी पेटी ठेवणं, परत आणणं, बाहेर काढणं' या चारही गोष्टी आहेत का, ते तपासा. आमच्या एका बिलात शेवटच्या दोन नव्हत्या आणि त्या शेवटच्या संध्याकाळी जागेवरच्या दरानं भराव्या लागल्या. त्या वेळी घासाघीस होत नाही, सगळ्यांनाच हायड्रा हवी असते.

कागदपत्रांचं काम कुठल्याही एजन्सीला देऊ नका. प्रदर्शनाला नुसता दाखवायला नेलेला माल ही विक्री नसते, त्यामुळे इन्व्हॉइस नको, डिलिव्हरी चलन हवं. ई-वे बिलात (जीएसटीच्या ऑनलाइन वाहतूक-पत्रात) उपप्रकार 'एक्झिबिशन ऑर फेअर्स' निवडायचा. राज्याबाहेर माल 50 हजारांच्या वर असेल तर ई-वे बिल लागतं; महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात ही मर्यादा 1 लाख आहे. मुदत साधारणपणे दर 200 किलोमीटरला एक दिवस, म्हणून बंगळूरची तारीख मोजूनच घाला. आणि परतीचं चलन, परतीचं ई-वे बिल! शेवटच्या दिवशी गाडी भरून उभी आणि बिल काढणारा माणूस कोल्हापुरात ऑफिस बंद करून घरी, हे चित्र हॉलबाहेर दर वेळी दिसतं. परतीचा मसुदा आधीच तयार ठेवा आणि गाडी क्रमांक मिळाला की तेवढाच भरा. जे चप्पल, गूळ किंवा हुपरीची चांदी दुसऱ्या राज्यात जागेवर विकणार आहेत, त्यांचं प्रकरण वेगळं. त्यांनी किमान पंधरा दिवस आधी सीएला गाठावं, कारण कॅज्युअल करदाता (तिथे तात्पुरता व्यवसाय करणारा) म्हणून नोंदणी लागत असेल तर तिचा अर्ज व्यवसाय सुरू होण्याच्या 5 दिवस आधी करायचा असतो.

बिलातला जीएसटी कोणता, हेही ऑर्डर देतानाच विचारा. दुसऱ्या राज्यातल्या पुरवठादारानं आयजीएसटी (आंतरराज्य जीएसटी) लावला तर आपल्या नोंदणीवर क्रेडिट घेता येतं, म्हणजे तो आपल्या करातून वजा होतो. तिथला सीजीएसटी-एसजीएसटी (त्या राज्यातल्या राज्यातला जीएसटी) लावला तर कोल्हापुरात त्याचं क्रेडिट मिळत नाही, ती रक्कम खर्चातच जाते. 18 टक्के ही थोडकी रक्कम नव्हे. दोन कोटेशनची तुलना करताना हा फरक धरूनच करा.

पैसे देण्याचा क्रम: फॅब्रिकेटर बहुतेक वेळा 50 टक्के ॲडव्हान्स आणि बाकी ताबा देताना मागतात. आम्ही आता 50, 30, 20 वर अडून बसतो. शेवटचे 20 टक्के स्टॉल उतरवून कचरा उचलल्यानंतर. रॉ स्पेससाठी आयोजक डिपॉझिट घेतात आणि कार्पेटची टेप किंवा प्लायचे तुकडे मागे राहिले तर त्यातून कापतात. ते डिपॉझिट कोण भरणार आणि कापलं गेलं तर कुणाच्या खिशातून, हे वर्क ऑर्डरवर लिहा. लाकूड, टीव्ही, फर्निचर भाड्याचं की आपलं, तेही लिहा. कापडी ग्राफिकच्या फ्रेम आपल्या असूनही एकदा त्या फॅब्रिकेटरच्या ट्रकमध्ये चढल्या होत्या.

व्हिजिटरचे बॅज स्कॅन करणारं ॲप भाड्यानं मिळतं. चालतं ठीक, पण भेटणाऱ्याला कुठला नग हवा, महिन्याला किती, ड्रॉइंग पाठवतो म्हणाला का, हे त्यात उतरत नाही. छापील कार्डावर पेनानं लिहून स्टेपल केलेलं व्हिजिटिंग कार्ड जास्त कामाचं ठरलं. होस्टेस, केटरिंग, शोभेची झाडं यांवर लिहिण्यासारखं काही नाही, मिळतील ती घ्यावीत.

एक काम मात्र कुणाही पुरवठादाराकडे नाही: गंज. मशिनिंग केलेल्या चकचकीत फेसवर सकाळी कुणी अंगठा टेकवला की दमट हवेत दुसऱ्या दिवशी तिथे तपकिरी ठसा उमटलेला असतो, अगदी रेघा मोजता येतील असा. ग्राहकाच्या क्वालिटी विभागाचा माणूस आला की त्याची नजर नेमकी तिथेच जाते. नग व्हीसीआय (गंज रोखणारी वाफ सोडणाऱ्या) पिशवीत न्यायचे आणि लावताना कापडी हातमोजे घालायचे. रोज हॉल बंद व्हायच्या आधी पातळ रस्ट प्रिव्हेंटिव्हचा (गंजरोधक तेलाचा) हात फिरवायचा, सकाळी मऊ सुती कापडानं पुसायचं. एक लिटरचा डबा चार दिवसांना पुरतो. पुढच्या प्रदर्शनाच्या पेटीच्या झाकणावर आतून चिकटवलेल्या यादीत आता पहिली ओळ हीच आहे: तेल, हातमोजे बारा जोड, सुती कापड दोन किलो.